एस्पोसितो आडनावाला मूळ पुरुष का नाही, आणि तरीही वंशावळ कशी लावता येते

आपला प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते वाचणाऱ्यांनाही कळेल. आपल्या पतींचे आडनाव एस्पोसितो आहे. त्यांचे पणजोबा १९०६ च्या सुमारास नेपल्सजवळच्या एका गावातून न्यू जर्सीला आले. आपल्या माहेरचा छापील कुलवृत्तांत आहे आणि मुलीसाठी तिच्या वडिलांच्या बाजूचीही तशीच वंशावळ तयार करावी, अशी आपली इच्छा आहे. एका संकेतस्थळाने हे आडनाव स्पॅनिश सरदारांचे असल्याचे सांगून कुलचिन्ह विकायला काढले आहे. आपल्या वस्तीत आणखी चार एस्पोसितो कुटुंबे आहेत आणि ती नात्यातली असावीत असे आपल्याला वाटते. सासऱ्यांना मात्र हा विषय काढलेला आवडत नाही, आणि त्याचे कारण आपल्याला समजत नाही.

मी गेली वीस-बावीस वर्षे इटालियन आणि लॅटिन नोंदवह्या वाचण्याचे व त्यांची भाषांतरे करण्याचे काम करतो, आणि त्यातील मोठा भाग दक्षिण इटलीतून परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या दप्तराचा आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की कुलवृत्तांताची पद्धत या आडनावाला लावली, तर सुरुवातीलाच वाट चुकते. कुलवृत्तांत लिहिणारा असे धरून चालतो की एक मूळ पुरुष होता, त्याचे एक गाव होते, आणि आडनाव त्याच्यापासून खाली उतरत आले. एस्पोसितो हे आडनाव वरून खाली उतरलेले नाही. ते जवळजवळ दोनशे वर्षे एकाच दारावर पुन्हा पुन्हा, एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या मुलांना दिले गेले. म्हणून ‘या आडनावाचे मूळ कोठे’ आणि ‘माझ्या पतींचे घराणे कोठले’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पहिल्याचे उत्तर बरेच पक्के आहे. दुसऱ्याचे उत्तर कागद किती टिकले आहेत आणि आडनाव कोणत्या पिढीत लागले, यावर अवलंबून आहे.

लॅटिनमध्ये ‘एक्स्पोनेरे’ म्हणजे बाहेर ठेवणे, आणि ‘एक्स्पोझितुस’ म्हणजे बाहेर ठेवलेला. आईबापांनी चर्चच्या पायरीवर, रुग्णालयाच्या दाराशी किंवा रस्त्यात ठेवून दिलेल्या अर्भकासाठी हाच शब्द कागदोपत्री वापरला जाई. इटालियनमध्ये त्याचे एस्पोसितो झाले. आघात ‘पो’ या अक्षरावर येतो. अमेरिकेत तो अनेकदा ‘सी’वर सरकलेला ऐकू येतो. उत्तर इटलीतील माणूस मधला ‘स’ आपल्या ‘झ’सारखा उच्चारतो, नेपल्सचा माणूस स्वच्छ ‘स’ म्हणतो, त्यामुळे मुलीचे आडनाव देवनागरीत लिहिताना ‘एस्पोसितो’ हे रूप मला अधिक योग्य वाटते, कारण घराणे नेपल्सकडचे आहे.

हा शब्द विशेषणापासून आडनावापर्यंत कसा पोहोचला, हे समजण्यासाठी नेपल्समधील ‘सांता कासा देल्ल’आनुन्झियाता’ या संस्थेकडे पाहावे लागते. चौदाव्या शतकात आंजू घराण्याच्या राजवटीत उभी राहिलेली ही धर्मादाय संस्था म्हणजे एकाच आवारात चर्च, रुग्णालय, अनाथालय आणि निराधार मुलींचे वसतिस्थान असा मोठा पसारा होता. चर्च १७५७ च्या आगीत जळाले आणि लुइजी वानवितेल्ली या वास्तुशिल्पकाच्या आराखड्यानुसार पुन्हा बांधले गेले. संस्थेच्या रस्त्याकडील भिंतीत एक चक्र होते. चक्र म्हणजे उभ्या आसावर फिरणारे लाकडी पिंप, एका बाजूने उघडे. बाहेरच्या माणसाने मूल त्यात ठेवायचे, पिंप फिरवायचे, आणि आत राखण करणाऱ्या बाईने ते उचलून घ्यायचे. कोणी कोणाचे तोंड पाहायचे नाही. ते चक्र आजही जागेवर पाहायला मिळते.

मूल आत आले की त्याची नोंद होई: दिवस, वेळ, अंदाजे वय, अंगावरचे कपडे, शरीरावरची एखादी खूण, आणि सोबत चिठ्ठी किंवा अर्धे तोडलेले पदक असल्यास त्याचे वर्णन. अर्धे पदक ठेवण्यामागे आशा असे, की कधी दिवस पालटले तर उरलेला अर्धा भाग दाखवून मूल परत नेता येईल. मी अशा नोंदी अनेक वाचल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी त्या वर्णनाशी क्षणभर थांबावे लागते, कारण एवढी एकच वस्तू त्या आईची खूण म्हणून कागदावर उरलेली असते. त्यानंतर बाप्तिस्मा होई, गळ्यात मेरीमातेची प्रतिमा असलेले शिशाचे पदक बांधले जाई, आणि मूल दूध पाजणाऱ्या दाईकडे जाई. या मुलांना लोक ‘मादोनाची लेकरे’ म्हणत, आणि त्या म्हणण्यात हेटाळणीपेक्षा आपुलकी अधिक होती. या संस्थेच्या दप्तरात एस्पोसितो हे आडनाव लागलेली पहिली नोंद १ जानेवारी १६२३ ची असून त्या मुलाचे नाव फाब्रित्सिओ असे आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण सासऱ्यांच्या मौनाचे मूळ बहुधा त्यातच असावे. चक्रात ठेवलेले प्रत्येक मूल विवाहबाह्य संबंधातील होते, असे मुळीच नाही. दुष्काळ, साथी, बापाचा मृत्यू, आईचे दूध आटणे, आधीच घरात असलेली पाच तोंडे, अशा कारणांनी रीतसर लग्न झालेल्या आईबापांनीही मुले ठेवली. कोणते मूल कोणत्या कारणाने आले, हे चक्राला कळत नसे, कारण न विचारता मूल घेणे हाच त्या व्यवस्थेचा हेतू होता. त्यामुळे आज एस्पोसितो आडनावाच्या कुटुंबाविषयी एवढेच म्हणता येते की त्यांच्या पुरुषशाखेत कधीतरी एक टाकलेले मूल होते आणि ते जगले. जगले हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. अशा संस्थांतील बालमृत्यूचे प्रमाण फार भयंकर होते, आणि बहुतेक मुले पहिली काही वर्षेही ओलांडत नसत. आडनाव पुढे नेण्याइतका मोठा होऊन, लग्न करून, मुले वाढवणारा एस्पोसितो हा त्या काळात अपवाद होता.

आता आजचा प्रसार पाहू. एस्पोसितो हे रोस्सी, रुस्सो आणि फेर्रारी यांच्या पाठोपाठ इटलीतील चौथ्या क्रमांकाचे आडनाव मानले जाते, आणि नेपल्स ज्या कांपानिया प्रांतात आहे तेथे ते पहिल्या क्रमांकावर आहे. टाकलेली मुले सगळ्याच इटलीत होती, मग हे एकच आडनाव एका भागात एवढे का साठले, असा प्रश्न पडतो. माझे उत्तर असे, की प्रत्येक शहरातील संस्था आपापल्या नावावरून किंवा चिन्हावरून आडनाव देत असे, आणि नकाशावर दिसते ते त्या संस्थांचे कार्यक्षेत्र.

उदाहरणे पाहिली की हे स्पष्ट होते. मिलानमधील ‘ओस्पेदाले माज्जोरे’ या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर, म्हणून तेथील मुलांना कोलोंबो हे आडनाव मिळे आणि आजही मिलानच्या परिसरात ते सर्वत्र आढळते. फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो ब्रुनेल्लेस्कीने १४१९ मध्ये काम सुरू केलेले ‘निरागसांचे रुग्णालय’ होते. १४४५ मध्ये तेथे पहिले मूल आले, आणि तेथील मुलांचे वंशज इन्नोचेंती किंवा नोचेंतीनी झाले. रोम आणि उंब्रियाच्या बाजूला प्रोयेत्ती, म्हणजे टाकलेले. सिसिलीत त्रोवातो, म्हणजे सापडलेला. बोलोन्यात देल्यी एस्पोस्ती, म्हणजे ‘बाहेर ठेवलेल्यांपैकी’. अभिनेत्री पिएरा देल्यी एस्पोस्ती या बोलोन्याच्याच होत्या. नेपल्सच्या दक्षिणेला सोरेंतो द्वीपकल्पात देस्पोसितो हे रूप विशेष दिसते, आणि आणखी दक्षिणेकडे पहिला स्वर गळून स्पोसितो होते.

मात्र ही गणिते उलट बाजूने वापरू नयेत. कोलोंबो हे आडनाव कबुतरे पाळणाऱ्याला किंवा त्या नावाच्या पूर्वजाच्या वंशजांनाही लागले आहे. जेनोआत जन्मलेल्या क्रिस्तोफोरो कोलोंबोचा, म्हणजे आपल्या कोलंबसचा, मिलानच्या त्या रुग्णालयाशी काहीही संबंध नाही. एस्पोसितोच्या बाबतीत अर्थ इतका उघड आहे की दुसरी शक्यता जवळजवळ उरत नाही, परंतु प्रत्येक एस्पोसितो थेट आनुन्झियाताच्या चक्रातून आला असेही मानू नये. नेपल्सच्या राज्यातील पुष्कळ लहान गावांतही अशी चक्रे होती, मूल स्वीकारणारी नेमलेली बाई असे, आणि तेथील धर्मगुरूंनीही हाच शब्द वापरला. शिवाय आनुन्झियाताची मुले आसपासच्या खेड्यांतील दायांकडे जात आणि पुष्कळदा तेथेच वाढत, त्यामुळे व्हेसुव्हियसच्या पायथ्यापासून किनाऱ्यापर्यंतच्या गावांत हे आडनाव रुजले. आज गाजणारे फुटबॉलपटू एस्पोसितो बंधू याच पट्ट्यातील कास्तेल्लाम्मारे दी स्ताबियाचे आहेत.

हे नामकरण पुढे थांबले. जोआकिम म्युरा नेपल्सचा राजा असताना, म्हणजे १८०८ ते १८१५ या काळात, टाकलेल्या मुलांना एस्पोसितो हे आडनाव देण्यास बंदी झाली, कारण ते आयुष्यभर कपाळावर डाग होऊन बसे. त्यानंतर प्रत्येक मुलासाठी वेगळे आडनाव घडवले जाऊ लागले. चक्रात मुले येणे मात्र चालूच राहिले. आनुन्झियाताचे चक्र १८७५ मध्ये बंद झाले. आपल्या शोधासाठी हा मधला काळ फार महत्त्वाचा आहे. बंदीनंतर जन्मलेला एस्पोसितो हा बहुतेक वेळा स्वतः टाकलेला नसून आधीच्या एस्पोसितोचा मुलगा किंवा नातू असतो. आपले पणजे सासरे १९०६ मध्ये तरुण होते असे धरले, तर त्यांचा जन्म १८८० च्या आसपासचा, आणि मूळचे टाकलेले मूल त्यांच्या किमान तीन पिढ्या मागे असण्याची शक्यता अधिक.

इटलीच्या कायद्यानेही हा डाग पुसण्याचे काम पुढे चालू ठेवले. आईबाप अज्ञात असल्याची खूण म्हणून कागदांवर ‘एन. एन.’ अशी अक्षरे येत. १९५५ च्या कायद्याने रोजच्या वापराच्या दाखल्यांतून आईवडिलांच्या नावांचा रकानाच काढून टाकला. आज लागू असलेल्या २००० सालच्या नागरी नोंदणीच्या नियमांत तर स्पष्ट म्हटले आहे, की अज्ञात आईबापांच्या मुलाला त्याचे मूळ उघड होईल असे नाव किंवा आडनाव देता येणार नाही.

संकेतस्थळाच्या स्पॅनिश दाव्याविषयी थोडक्यात. स्पेनमध्ये एक्सपोसितो हे आडनाव आहे, त्याचा अर्थही तोच आहे, आणि नेपल्सवर सोळाव्या शतकाच्या आरंभापासून १७०७ पर्यंत स्पॅनिश व्हाइसरॉय राज्य करत होते, त्यामुळे संबंध असावा असे वाटणे साहजिक आहे. पण ही एकाच लॅटिन शब्दाची दोन देशांत स्वतंत्रपणे झालेली आडनावे आहेत. अर्जेंटिनासारख्या देशात, जेथे इटालियन आणि स्पॅनिश दोन्ही लोक गेले, तेथे मी मधल्या ‘क्स’वरून स्पेनचा आणि ‘स’वरून इटलीचा अंदाज बांधतो, पण कारकुनांनी दोन्ही लिहिण्यांत अदलाबदल केलेली असल्यामुळे कागद पाहिल्याशिवाय तो पक्का धरत नाही. कुलचिन्हाचे म्हणाल, तर ते कृपया विकत घेऊ नका. कुलचिन्ह विशिष्ट घराण्याला मिळते, आडनावाला नाही, आणि ज्या आडनावामागे एक घराणेच नाही त्याचे कुलचिन्ह कसे असणार? एखाद्या उमरावाने गुपचूप ठेवलेले मूल आपला पूर्वज होता, अशी कथाही पुष्कळ कुटुंबांत सांगितली जाते. माझ्याकडे आलेल्या एकाही प्रकरणात तिला कागदाचा आधार मिळालेला नाही.

आपल्या वस्तीतील चार कुटुंबांचे उत्तरही यातून निघते. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोक इटलीबाहेर गेले, आणि त्यांपैकी नेपल्सच्या बंदरातून निघालेले फार मोठ्या संख्येने न्यूयॉर्क व न्यू जर्सीच्या पट्ट्यात स्थिरावले; दुसऱ्या महायुद्धानंतर असेच लोंढे मिलान आणि तोरिनोच्या कारखान्यांकडे गेले, म्हणून उत्तर इटलीतही आज एस्पोसितो भरपूर आहेत. पाच एस्पोसितो एका वस्तीत असणे म्हणजे नाते नव्हे. ती कुटुंबे एकाच गावातून आली असल्यास शोध घेण्यासारखे आहे, एरवी पुरुषशाखेची जनुकीय चाचणी केली तरी पाचही रेषा वेगळ्या निघण्याची तयारी ठेवावी.

आता कामाची पद्धत. शोध नेहमी अलीकडून पलीकडे न्यावा. प्रथम पणजोबांचे अमेरिकी नागरिकत्वाचे कागद आणि जहाजाची प्रवासी यादी मिळवा, आणि त्यातून नेमके गाव निश्चित करा. ‘नेपल्स’ एवढे पुरत नाही, कारण परदेशी गेलेले लोक शेजारच्या मोठ्या शहराचे नाव सांगत. जहाजाची यादी निघण्याच्या बंदरातच तयार होई, त्यामुळे न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्याने आडनाव बदलले, ही घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट मनातून काढून टाका. गाव कळले की इटालियन सरकारच्या ‘अंतेनाती’ या संकेतस्थळावर त्या गावच्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या वह्यांच्या प्रतिमा विनामूल्य पाहायला मिळण्याची चांगली शक्यता आहे. नेपल्सच्या राज्यात नागरी नोंदणी १८०९ पासून सुरू झाली, म्हणजे संयुक्त इटलीच्या कितीतरी आधी, आणि हे आपले भाग्य आहे.

या वह्यांत मी सर्वांत आधी विवाहाची जोडपत्रे शोधतो. १८०९ ते १८६५ या काळात लग्न लावण्यापूर्वी वधूवरांना आपल्या जन्माचे उतारे द्यावे लागत. वडील हयात नसतील तर त्यांच्या मृत्यूचा दाखला लागे, आणि वडिलांच्या अभावी आजोबांच्या संमतीचा प्रश्न येत असल्यामुळे आजोबाही वारले असल्यास त्यांच्याही मृत्यूचा दाखला जोडला जाई. एका लग्नाच्या पुडक्यात अशा तीन पिढ्या एकत्र सापडतात, आणि त्यांतील आजोबांचा जन्म अठराव्या शतकात जातो. एस्पोसितोच्या बाबतीत नेमका तोच काळ आपल्याला हवा असतो. त्याच्याही मागे जायचे तर धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहाव्या लागतात, आणि त्या पाहू द्यायच्या की नाही हे तेथील धर्मगुरूंवर व धर्मप्रांताच्या दप्तरखान्यावर अवलंबून असते.

वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. जुन्या नोंदीत ‘एस्पोसितो’ हा शब्द दिसला की तो आडनाव आहे की नुसते वर्णन, हे ठरवावे लागते, कारण ‘मारिया, एस्पोसिता’ याचा अर्थ ‘मारिया नावाची टाकलेली मुलगी’ एवढाच असू शकतो. तिच्या लग्नाच्या नोंदीत तोच शब्द पुन्हा आला आणि मुलांनाही लागला, तरच ते आडनाव समजावे. दुसरी गोष्ट नावांची. दक्षिण इटलीत थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची रीत होती, त्यावरून मागची पिढी ओळखता येते. ही साखळी टाकलेल्या मुलापाशी तुटते, कारण त्याला आजोबांचे नाव माहीतच नसते. मला काही कुटुंबांत असे आढळले, की त्याने आपल्या थोरल्या मुलाला ज्या घरी तो वाढला त्या घरच्या माणसाचे नाव दिले होते. तसे दिसले, तर त्या दाईच्या कुटुंबाची नोंद आपल्या वंशावळीत अवश्य घ्यावी. रक्ताचे नाते नसले तरी तो माणूस त्याला बापाच्या ठिकाणी होता, आणि हे त्याने नाव ठेवून सांगितले आहे.

एवढे केल्यावर आपण एका नोंदीपाशी पोहोचाल, जिच्या पलीकडे पुरुषशाखा जात नाही. पण तोपर्यंत या घराण्यात आलेल्या सर्व सुनांच्या रेषा खुल्या असतात. इटालियन कागदांत स्त्रिया लग्नानंतरही माहेरचेच आडनाव लावतात, त्यामुळे प्रत्येक पिढीत एक नवे घराणे हाती येते, आणि त्यांतील काही सतराव्या शतकापर्यंत मागे नेता येतात. आपल्या मुलीची वंशावळ म्हणून झाडासारखी सर्व बाजूंनी काढावी, आपल्या माहेरच्या छापील ग्रंथासारखी एका पुरुषरेषेत नव्हे.

सासऱ्यांना काय सांगावे, असेही आपण विचारले आहे. मी आपल्या जागी असतो, तर त्यांना कसलाही अर्थ समजावत बसलो नसतो. तो त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या वडिलांचे आणि आजोबांचे पूर्ण नाव, जन्मगाव आणि लग्नाचे वर्ष एवढेच विचारा, आणि पहिली जन्मनोंद मिळाली की तिची छापील प्रत त्यांच्या हाती द्या. त्या पानावर बहुधा वडिलांचा धंदा, राहण्याची गल्ली आणि नोंद वाचून दाखवल्यानंतर साक्षीदारांनी केलेल्या सह्या असतात. गावाचे नाव कळल्यावर मला कळवा; त्या वर्षांची वही कोठे आहे आणि जोडपत्रांची अनुक्रमणिका कशी वाचायची, ते मी सांगेन.